राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारास हिशेब विचारावा कीं नाहीं?

(सुपें, तालुका पारनेर, येथें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें दिलेलें व्याख्यान)

आजचा विषय ऐकून कांहीं मंडळी मनांत हंसत असतील, हें आम्ही जाणून आहों. ज्या गांवांत पावसाची वाट, कांद्याचा भाव आणि सोसायटीचा हप्ता या तीन काळज्या माणसास पुरून उरतात, त्या गांवांत दिल्लीच्या राष्ट्रपतीची गोष्ट कशाला? मास्तरांस दुसरा विषय सुचला नाहीं काय? सुचला असता. परंतु जो समाज वरच्यास प्रश्न विचारावयास भितो, तो खालच्याससुद्धां विचारीत नाहीं, आणि मग सोसायटीच्या सचिवापासून दिल्लीच्या तख्तापर्यंत सारा कारभार झांकल्या मुठीनें चालतो. म्हणून आम्ही मुद्दामच सर्वांत उंच खुर्ची निवडली आहे.

राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराच्या सचोटीविषयीं प्रश्न निघाला कीं पारावर चार आक्षेप हटकून ऐकूं येतात. पहिला असा कीं, तेथें आपलें मतच नाहीं, मग आपण विचारणारे कोण? दुसरा असा कीं, उमेदवार आपल्या मुलखाचा, आपल्या माणसांतला आहे. आपल्याच माणसास आपण कसें विचारावें? तिसरा असा कीं, विचारणारे विरोधी पक्षाचे, त्यांच्या पोटांत दुखतें म्हणून ते विचारतात. आणि चवथा असा कीं, एवढ्या थोर पदाच्या माणसास हिशेब मागणें हा त्या पदाचा अपमान आहे. या चारही आक्षेपांस आम्ही आज उत्तर देणार आहों. तें हवेंत न देतां, आपल्याच महाराष्ट्राची कन्या ज्या निवडणुकींत उभी होती, त्या सन २००७ च्या निवडणुकीचें उदाहरण समोर ठेवून देणार आहों.

प्रथम पहिला आक्षेप. हा अंकगणिताचा प्रश्न आहे, म्हणून मास्तरांच्या कामाचा आहे. राष्ट्रपतीस आपण थेट मत देत नाहीं, हें खरें. तें मत निवडून आलेले खासदार आणि आमदार देतात. परंतु आमदाराच्या मताची किंमत कशी ठरते, हें आपणांपैकीं किती जणांस ठाऊक आहे? ती त्याच्या मोटारीवर ठरत नाहीं कीं त्याच्या पुढारपणावर ठरत नाहीं. ती आपल्या डोक्यांवर ठरते. १९७१ च्या खानेसुमारींत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५ भरली. तिला २८८ आमदारांनीं भागा. एकेकाच्या वांट्यास पावणेदोन लाख माणसें येतात. या आंकड्यास पुन्हां हजारानें भागा; उत्तर येतें १७५. २००७ सालीं महाराष्ट्राच्या एका आमदारानें चिठ्ठी टाकली कीं १७५ मतें पडलीं असें धरीत. उत्तर प्रदेशाच्या आमदाराचीं २०८ धरीत आणि सिक्कीमच्या आमदाराचीं अवघीं ७. कारण जेथें डोकीं जास्त, तेथें किंमत जास्त.

म्हणजे झालें काय? १९७१ सालीं सुप्यांत जो नांगर धरीत होता, जी माउली जात्यावर बसली होती, जें पोर पाळण्यांत हातपाय हालवीत होतें, त्या प्रत्येकाचें डोकें या भागाकारांत मोजलेलें आहे. आमदार मुंबईस विधानभवनांत जाऊन जी चिठ्ठी टाकतो, ती त्याच्या खिशांतलें नाणें नव्हे. ती आपण त्याच्याकडे ठेवलेली ठेव आहे. ज्याची ठेव आहे, त्यानें विचारूं नये असें कोणता सावकारहि म्हणत नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवा. या निवडणुकींत पक्षाचा आदेश, ज्यास व्हीप म्हणतात, तो कायद्यानें बंधनकारक नसतो. मत गुप्त असतें. तेव्हां ‘पक्षानें सांगितलें म्हणून दिलें’ हें उत्तर आमदारानें आपल्या मतदारास द्यावयाचें नसतें. त्याला विचारण्याचा आपला हक्क पुरा आहे, आणि ज्याला तो मत देणार, त्या उमेदवाराविषयीं विचारण्याचाहि हक्क त्यांतच आला.

आतां २००७ कडे वळूं. डॉ. अब्दुल कलाम यांची मुदत संपत आली होती. १४ जून २००७ रोजीं काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांनीं राजस्थानच्या राज्यपाल श्रीमती प्रतिभाताई पाटील यांचें नांव जाहीर केलें. त्यांच्यासमोर उपराष्ट्रपति भैरोंसिंह शेखावत हे अपक्ष म्हणून, पण भारतीय जनता पक्षाच्या आघाडीच्या पाठबळावर, उभे राहिले.

प्रतिभाताई जळगांव जिल्ह्यांतल्या. जन्म १९ डिसेंबर १९३४. कायद्याचें शिक्षण घेऊन १९६२ सालीं, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्या विधानसभेंत गेल्या. पुढें एदलाबाद, म्हणजे आतांचें मुक्ताईनगर, येथून पुन्हां पुन्हां निवडून आल्या. राज्यांत मंत्रिपदें सांभाळलीं. राज्यसभेच्या उपसभापति झाल्या. १९९१ सालीं अमरावतीहून लोकसभेंत गेल्या. २००४ सालीं राज्यपाल झाल्या. स्वतंत्र भारताच्या साठ वर्षांत त्या खुर्चीवर एकहि स्त्री बसली नव्हती. खेड्यांतल्या मराठी घरची लेक तेथवर जाते, याचा आनंद आम्हांसहि झाला होता, आणि तो आनंद खोटा नव्हता. ज्या समाजानें पिढ्यान् पिढ्या मुलीच्या हातीं पाटी दिली नाहीं, त्या समाजास असा दिवस दिसणें लहान गोष्ट नव्हे. हें आम्ही आधींच सांगून ठेवतों, म्हणजे पुढचें ऐकतांना कोणी आमचा हेतु वांकडा समजूं नये.

नांव जाहीर होऊन चार दिवस झाले नाहींत तोंच प्रश्न निघूं लागले. त्यांतील कांहीं प्रश्न सचोटीचे नव्हते, श्रद्धेचे किंवा इतिहासाचे होते. घुंगटाची चाल मोगलांच्या स्वाऱ्यांमुळें पडली असें ताई उदेपुरास म्हणाल्या. त्यावरून वाद झाला. अबूच्या पहाडावर ब्रह्माकुमारींच्या स्थानीं दिवंगत संस्थापकांचें बोलणें आपणांस ऐकावयास मिळालें आणि मोठ्या जबाबदारीची सूचना झाली, असें त्यांनीं सांगितल्याचेंहि चित्र साऱ्या देशानें पाहिलें. मृत माणूस जिवंतांशीं बोलतो, हें आमच्या बुद्धीस पटणारें नाहीं, आणि ज्यास पटत नाहीं त्यानें तसें उघड म्हणावें. परंतु समजुतीची चूक निराळी आणि पैशाचा व्यवहार निराळा. या दोहोंची खिचडी केली म्हणजे थट्टेंतच वेळ जातो आणि हिशेब तसाच राहतो. म्हणून तो भाग येथेंच सोडतों.

खरा प्रश्न होता तो एका बँकेचा. प्रतिभाताईंनीं जळगांवास स्त्रियांसाठीं म्हणून त्यांच्याच नांवाची एक सहकारी बँक स्थापिली होती, प्रतिभा महिला सहकारी बँक. हेतु उत्तम होता. बाईच्या हातचा चार रुपयांचा साठा घरांत राहिला तर दारूंत किंवा लग्नांत जातो. तो बँकेंत राहावा, यापरतें चांगलें काय? परंतु फेब्रुवारी २००३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें या बँकेचा परवाना रद्द केला आणि बँक बंद पडली. हें दप्तरांतलें सत्य आहे. त्यांत आरोप कांहीं नाहीं.

आरोप पुढें आहे. विरोधकांचें म्हणणें असें कीं, संस्थापकांच्या नातलगांस या बँकेनें बेसुमार कर्जें दिलीं, कांहींचें येणें नियम सोडून माफ केलें, आणि त्या ओझ्याखालींच बँक बसली. बुडीत बँकेचा हिशेब मिटविण्यास जो सरकारी अधिकारी नेमतात, त्यास अवसायक म्हणतात. त्या अवसायकानेंहि, लेखापरीक्षणांत अशा प्रकारचीं कर्जें आणि माफ्या आढळल्याचें वर्तमानपत्रास सांगितलें. ताईंशीं संबंध असलेल्या संत मुक्ताबाई सहकारी साखर कारखान्याच्या थकलेल्या कर्जाचाहि प्रश्न निघाला. भारतीय जनता पक्षाचे अरुण शौरी यांनीं हीं प्रकरणें लेखांतून क्रमानें मांडलीं. काँग्रेसनें उत्तर दिलें कीं, १९९४ नंतर ताईंचा त्या बँकेशीं संबंध राहिला नव्हता. त्यावर ‘इंडियन एक्स्प्रेस’ पत्रानें, २००२ पर्यंत संबंध असल्याचे कागद आपणांपाशीं आहेत असें छापलें.

येथें थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतों. हे आरोप होते, निकाल नव्हता. कोणत्याहि न्यायालयानें प्रतिभाताईंस या बाबतींत दोषी ठरविलेलें नाहीं. नातलगानें कर्ज थकविलें म्हणजे संस्थापकानेंच पैसा खाल्ला, असें आपोआप सिद्ध होत नाहीं. आमच्यापैकीं कोणाच्या चुलतभावानें सोसायटीचें कर्ज बुडविलें, तर त्यासाठीं आम्हांस चोर म्हणणें न्यायाचें होईल काय? आरोपासच निकाल समजणें हा एक अन्याय आहे. पण आरोपास नीट उत्तर न देणें हाहि दुसरा अन्याय आहे, आणि तो ज्यांच्या ठेवी अडकल्या त्या बायाबापड्यांवर होतो.

मग उत्तर कसें हवें होतें? अगदीं साधें. एक: कोणकोणत्या नातलगास, कोणत्या तारखेच्या ठरावानें, किती कर्ज दिलें? दोन: त्या दिवशीं बँकेच्या कारभारांत उमेदवार होत्या कीं नव्हत्या? तीन: जें माफ केलें, तें कोणत्या नियमानें आणि कोणाच्या सहीनें? चार: ठेवीदारांस त्यांचा पैसा किती मिळाला आणि किती राहिला? या चार प्रश्नांस चार कागद पुरले असते. १९९४ खरें कीं २००२ खरें, हें व्याख्यानांनीं ठरत नाहीं. सभेच्या नोंदवहीचें एक पान दाखविलें कीं ठरतें. उमेदवारानें तें पान स्वतः देशापुढें ठेवलें असतें, तर दोहोंपैकीं एक गोष्ट झाली असती: एक तर आरोप करणारे तोंडघशीं पडले असते, नाहीं तर देशास खरें कळलें असतें. दोन्हींकडून देशाचा लाभच होता.

परंतु कागदाऐवजीं आपणांस काय मिळालें? येथें दुसरा आक्षेप पुढें येतो. आम्हांस अस्मिता मिळाली! प्रथमच मराठी माणूस राष्ट्रपति होणार, मग प्रश्न कसले विचारतां? शिवसेना त्या वेळीं भाजपच्या आघाडींत होती, तरी तिनें मराठी उमेदवार म्हणून ताईंस पाठिंबा दिला. पाठिंबा देण्यास आमची हरकत नाहीं. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. परंतु मराठीपण हें बँकेच्या खातेवहीचें उत्तर होतें काय? ज्या बायांच्या ठेवी अडकल्या, त्या काय गुजराथी होत्या कीं बंगाली? त्या जळगांवच्याच होत्या, मराठीच होत्या. तेव्हां ‘आपल्या माणसास विचारूं नका’ असें जो म्हणतो, त्यास आम्ही विचारतों कीं, ठेवीदार बाई आपली माणूस नव्हे काय? आपलेपणा फक्त खुर्चीवर बसणारासच लागू आहे, आणि रांगेंत उभें राहणारास लागू नाहीं, हा कोठला न्याय?

कोणी म्हणालें, स्त्री आहे म्हणून तिच्या मागें लागले. ज्यांनीं स्त्री म्हणून टवाळी केली, त्यांचा धिक्कारच केला पाहिजे. परंतु स्त्रीस पुरुषाच्या बरोबरीचा मान द्यावयाचा, तर प्रश्नहि बरोबरीचे विचारावे लागतात. पुरुषास हिशेब मागावा आणि स्त्रीस नुसती ओवाळणी घालावी, यांत तिचा सन्मान नाहीं. ‘हिला हिशेब कुठला कळतो’ अशी जुनीच समजूत त्यांत लपलेली आहे. आमच्या बचत गटांतल्या बाया महिन्याच्या महिन्यास पै-पै मांडतात आणि एकमेकींस विचारतात. त्यांस कधीं अपमान वाटत नाहीं. त्या बायांनीं जें शहाणपण दाखविलें, तें मोठमोठ्या पुढाऱ्यांनीं त्या निवडणुकींत दाखविलें नाहीं.

तिसरा आक्षेप: विचारणारे शत्रुपक्षाचे होते. होतेच! त्यांस शेखावत निवडून आणावयाचे होते, हें उघड आहे. परंतु बैलाच्या पायांत खोड आहे, हें शेजारच्या दुसऱ्या विकणारानें सांगितलें, म्हणून खोड खोटी ठरते काय? काष्टीच्या बाजारांत आपण काय करतों? सांगणाराचा हेतु ओळखतों, आणि तरीहि बैल चालवून पाहतों. हेतु वाईट म्हणून प्रश्न वाईट ठरत नाहीं; प्रश्न चांगला म्हणून हेतु चांगला ठरत नाहीं. दोन्ही निरनिराळे जोखावे लागतात. उलट बाजूनेंहि तसेंच झालें. शेखावतांच्या तरुणपणच्या पोलिस-नोकरींतलें एक जुनें प्रकरण उकरून त्यांच्यावर फेंकण्यांत आलें. तोहि आरोपच, सिद्ध झालेला नव्हे. तें प्रकरण विचारण्यासारखें असेल तर अवश्य विचारावें. पण ‘तुमचाहि पाय चिखलांत आहे’ असें म्हटल्यानें आपला पाय धुतला जात नाहीं. लोहारानें मागितलेल्या पैशांचा हिशेब विचारला, आणि तो म्हणाला कीं सुतारहि जास्त घेतो, तर आपला हिशेब झाला काय?

मात्र प्रश्न विचारण्याचीहि रीत असते, आणि ती न पाळणारा मनुष्य सत्याचें कामच बिघडवितो. त्यासाठीं जुन्या दोन निवडणुका पाहूं. १९६९ सालीं काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, त्यांच्यासमोर व्ही. व्ही. गिरी, आणि तिसरे आपल्या महाडकडचे चिंतामणराव देशमुख, जे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर होते आणि ज्यांनीं १९५६ सालीं मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलें. त्या निवडणुकींत रेड्डींच्या खासगी चारित्र्यावर चिखल उडविणारें एक निनांवी पत्रक खासदारांत वांटलें गेलें. लिहिणाराचें नांव नाहीं, पुरावा नाहीं. १६ ऑगस्ट १९६९ रोजीं मतदान झालें आणि गिरी थोडक्या मतांनीं निवडून आले. मग हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. राष्ट्रपति गिरी स्वतः न्यायालयांत येऊन साक्ष देऊन गेले. १९७० सालीं अर्ज फेटाळला गेला. परंतु ज्या माणसाची अब्रू पत्रकानें काढली, त्यास ती त्या पत्रकाच्या लेखकानें परत दिली काय? तो लेखक आपलें नांव सांगण्याइतका शूर नव्हता. असल्या पत्रकास आम्ही प्रश्न म्हणत नाहीं. ती रात्रीं दुसऱ्याच्या गंजीस लावलेली काडी आहे.

याच्या उलट दुसरें उदाहरण. २०१२ सालीं प्रणव मुखर्जी यांच्यासमोर पी. ए. संगमा उभे होते. मुखर्जी हे कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष असल्यामुळें लाभाचें पद धारण करतात, असा संगमांचा आक्षेप होता; त्या पदाच्या राजीनाम्यावरील सहीविषयींहि त्यांच्या बाजूनें शंका काढण्यांत आली. ही शंका लहान नव्हती. ती सचोटीवरच होती. परंतु ती आपल्या नांवानिशीं, निवडणूक अधिकाऱ्यापुढें, कागद दाखवून काढली. अधिकाऱ्यानें ती फेटाळली. संगमा हरले, तेव्हां ते सर्वोच्च न्यायालयांत गेले, आणि ५ डिसेंबर २०१२ रोजीं पांच न्यायाधीशांपैकीं तिघांच्या मतानें त्यांचा अर्ज फेटाळला गेला. प्रश्न विचारणारा हरला. पण कोणाची अब्रू अंधारांत लुटली गेली नाहीं. विचारणारानें नांव दिलें, विचारलेल्यास उत्तराची संधि मिळाली, आणि निवाडा उघड झाला. प्रश्न असा असावा.

आतां चवथा आक्षेप: पद थोर आहे, म्हणून विचारूं नये. आम्ही म्हणतों, पद थोर आहे म्हणूनच विचारावें, आणि तें शपथेच्या आधीं विचारावें. कां, तें ऐका. आपल्या राज्यघटनेचें ३६१ वें कलम सांगतें कीं, राष्ट्रपति आपल्या पदाच्या कामाबद्दल कोणत्याहि न्यायालयास जबाब देण्यास बांधलेला नाहीं, आणि पदावर असेपर्यंत त्याच्यावर फौजदारी खटला सुरू करतां येत नाहीं, कीं चालू असलेला पुढें चालवितां येत नाहीं. हें संरक्षण पदाच्या सोयीसाठीं आहे आणि तें योग्यहि असेल. त्यास दूर करावयाचें तर ६१ व्या कलमाप्रमाणें महाभियोग आणावा लागतो. तोहि फक्त घटनेच्या भंगाबद्दल, आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश मतांनीं. अशा रीतीनें आजवर एकहि राष्ट्रपति दूर झालेला नाहीं. म्हणजे शपथ झाली कीं पांच वर्षें दार लागलें. कुंभाराकडून मडकें घेतांना आपण तें वाजवून घेतों. घरीं नेऊन पाणी भरल्यावर वाजवीत नाहीं. त्यांत कुंभाराचा अपमान होतो असें कोणताहि कुंभार म्हणत नाहीं, कारण ज्याचें मडकें पक्कें भाजलेलें आहे, तो स्वतःच टिचकी मारून आवाज ऐकवितो.

२००७ सालीं मडकें पुरतें वाजविलें गेलें नाहीं. १९ जुलै रोजीं मतदान झालें. २१ जुलैस निकाल लागला: प्रतिभाताईंस ६ लाख ३८ हजार ११६ आणि शेखावतांस ३ लाख ३१ हजार ३०६. जवळजवळ दुप्पट. २५ जुलैस ताईंनीं शपथ घेतली. मतें मोजलीं गेलीं, आणि त्या मोजणीखालीं ते चार प्रश्न दबून गेले. मतांची बेरीज निवडणुकीचा निकाल देते. खातेवहीचा निकाल देत नाहीं. एवढा मोठा विजय मिळालेल्या बाईंस तें नोंदवहीचें पान उघडणें अवघड नव्हतें. तें उघडलें असतें, तर त्यांचाच मान दुणावला असता.

पदावर बसलेल्यासहि प्रश्न विचारला तर फळ येतें, याचा दाखला त्यांच्याच कारकीर्दीच्या शेवटीं मिळाला. निवृत्तीनंतर राहण्यासाठीं पुण्याजवळ खडकीच्या छावणींत, लष्कराच्या जमिनीवर, त्यांच्यासाठीं घर व्हावयाचें होतें. माजी सैनिकांनीं आवाज उठविला कीं, जवानांस व त्यांच्या विधवांस जागा अपुरी असतां ही जागा अशी कां द्यावी? सर्व नियमांप्रमाणें आहे, असें राष्ट्रपति भवनाकडून सांगण्यांत आलें. तरी प्रश्न थांबले नाहींत. शेवटीं एप्रिल २०१२ मध्यें प्रतिभाताईंनीं ती जागा सोडली. आपल्या तालुक्यांतल्या कित्येक घरचीं पोरें फौजेंत गेलेलीं आहेत. त्यांस यांतलें मर्म सांगावयास नको. विचारणारे साधे निवृत्त शिपाईगडी होते. त्यांनीं शिवी दिली नाहीं, दगड मारला नाहीं. विचारलें आणि विचारीतच राहिले. आणि जागा सोडणाऱ्या ताईंचीहि त्यांत शोभाच झाली, असें आम्ही मानतों.

बंधुभगिनींनो, जळगांवची गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, ती दूरची आहे. आपल्या भाषेंत म्हण आहे कीं, जात्यांतले रडतात आणि सुपांतले हंसतात. आमचें गांव तर नांवाचेंच सुपें! पण सुपांतला दाणा जात्यांत पडावयास किती वेळ लागतो? ४ ऑक्टोबर २०२३ रोजीं रिझर्व्ह बँकेनें आपल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. १९१० सालीं जन्मलेली, शंभर वर्षें ओलांडलेली बँक. २००३ सालीं बँक बुडाली तर ठेवीदारास विम्याचे फार तर १ लाख रुपये मिळत. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख झाली, एवढाच काय तो फरक. ज्या जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे यांनीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या जिल्ह्यांत सहकारी संस्था म्हणजे आपलें दुसरें घर. घर बांधणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच रात्रीं कडी लावली कीं नाहीं हें पाहणें महत्त्वाचें. जो मनुष्य उद्यां आमदार, मंत्री किंवा राष्ट्रपति होतो, तो बहुधा अशाच एखाद्या सोसायटींतून, बँकेंतून, कारखान्यांतून वर गेलेला असतो. तेथें आपण त्यास विचारलें असतें, तर दिल्लीस विचारण्याची पाळीच कमी आली असती.

विचारावयाचें कसें, तें सांगून आम्ही आमचें भाषण पुरें करतों.

सोसायटीचा सभासद असाल, तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ३२ व्या कलमानें शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफातोट्याचें पत्रक, सभासदांची नोंद आणि सर्वसाधारण सभेच्या नोंदी कचेरींत बसून फुकट पाहण्याचा तुम्हांस हक्क आहे. वर्षांतून एकदां सर्वसाधारण सभा होते. तेथें नुसतें जेवण आटोपून येऊं नका. सरकारी कचेरी असेल, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. महाराष्ट्रांत हा कायदा २००२ सालीं आला आणि साऱ्या देशास २००५ सालीं मिळाला. त्यासाठीं आपल्याच तालुक्यांतल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनीं उपोषणें केलीं. शेजारच्या गांवीं पेटलेला दिवा आणि आपल्या घरांत अंधार, असें होऊं देऊं नका.

राष्ट्रपतीची निवडणूक आली, म्हणजे आपल्या आमदारास व खासदारास गांवकऱ्यांनीं सह्यांनिशीं एक पत्र लिहावें: आपण ज्यास मत देणार, त्याच्याविषयीं हे हे प्रश्न निघाले आहेत, त्यांचीं उत्तरें आपण पाहिलीं काय? पाहिलीं असल्यास आम्हांस सांगा. पत्रांत शिवी नको, जात नको, ऐकीव गप्प नको. तारीख, आंकडा आणि कागद, एवढेंच असावें. खालीं आपलें नांव असावें. उत्तर खरें आलें तर तें मोकळ्या मनानें मानावें आणि चारचौघांत तसें बोलावें. कारण निर्दोष माणसास निर्दोष म्हणणें हेंहि सत्याचेंच काम आहे. उत्तर आलें नाहीं, तर पुन्हां लिहावें.

कोणी म्हणेल, एका गांवच्या पत्रानें दिल्ली हालते काय? हालत नसेल. परंतु १७५ हा आंकडा एका गांवानें झालेला नाहीं. तो पावणेदोन लाख डोक्यांनीं झाला आहे. ज्या डोक्यांची मोजणी करून त्यांनीं आपल्या मताची किंमत वाढविली, त्या डोक्यांत विचारहि आहे, हें एकदां त्यांस कळूं द्या.